बॅटनमधलं पाणी : चौथ्या टप्प्यावरची गळती

जल दिनाच्या रिलेत आपण धरणाचं पाणी बॅटनच्या पोकळ नळीत भरून हातोहात पळत नेणार आहोत. त्याच्या रविवारच्या तालमीत चारही टप्पे वेळेत झाले. पण कन्हानच्या पुलाजवळ बॅटन माझ्या हातात आलं तेव्हा २२० मिलीतलं जेमतेम १४० मिली पाणी उरलं होतं. देणाऱ्याची बाही कोपरापर्यंत ओली. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, आमडी फाट्यानंतर हे थांबलंच नाही." नळी उन्हात धरून पाहिली. मार्करची रेघ वर कोरडी, पाणी तिच्या खाली जवळपास नऊ सेंटिमीटर. त्या क्षणी फार वाईट वाटलं, कारण नवेगाव खैरीला पहाटे अंधारात टॉर्च लावून ती नळी मी स्वतः भरली होती.

रूट तोच आहे, बदललेला नाही. नवेगाव खैरी, पारशिवनी, आमडी फाटा, कन्हान, कामठी, मग शहर, आणि पुढे कुही-वेलतूरवरून आंभोरा. नागपूर पितं ते पेंचचं पाणी जिथून निघतं तिथून सुरुवात. नाग आणि पिवळी नदी आपलं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळतात आणि ती कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत शिरते, तिथे शेवट. खाली गोसीखुर्दचं धरण आहे, म्हणजे आपण सोडलेलं पाणी तिथल्या गावांच्या दारात साठतं. हे शंभर वेळा बोलून पटत नाही. नवेगाव खैरीच्या धरणावर भरलेली नळी आंभोऱ्याच्या पाण्याशेजारी धरली की एका नजरेत पटतं. म्हणून पाणी पोचलंच पाहिजे, आणि सगळं पोचलं पाहिजे.

आता गळतीकडे. नळी ॲक्रेलिकची, बाहेरून ४० मिलिमीटर, म्हणजे ट्रॅकवरच्या बॅटनच्या जाडीचीच. लांबीही तशीच, २८ सेंटिमीटर. पाणी भरून वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास जातं. एका टोकाला चकती क्लोरोफॉर्मने चिकटवलेली, दुसऱ्या टोकाला आट्यांचं झाकण आणि ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारं गोल कडं. पहिला संशय आट्यांवर होता. टेफ्लॉन टेपचे चार वेढे दिले, सिंकखाली उलटी टांगून ठेवली, रात्रभर थेंब नाही. मग ओ-रिंग बदलली, जाड घेतली, झाकण आवळताना पिळली गेली. कुणीतरी सिलिकॉन सीलंट सुचवला. तो मी लावणार नाही. एक तर चोवीस तास सुकत बसतो, आणि त्याचा व्हिनेगरसारखा वास पाण्यात उतरला तर त्या पाण्याला अर्थ काय उरला?

सोमवारी दुपारी गच्चीवर दोन नळ्या ठेवल्या. एक काठोकाठ, एक दोन सेंटिमीटर रिकामी. दीड तासाने काठोकाठ भरलेलीच्या झाकणाखाली ओल, दुसरी कोरडी ठणठणीत. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पाणी तापलं की फुगतं. नळीही थोडी फुगते, पण पाण्याइतकी नाही. आतल्या पाण्याला जागा नाही, म्हणून ते ओ-रिंगला ढकलतं, आणि रिंग एकदा जागेवरून सरकली की मग पळणाऱ्याच्या प्रत्येक पावलाला एक थेंब. पहिले तीन टप्पे गारव्यात झाले, म्हणून कळलंच नाही. चौथ्याला ऊन चढलं आणि गेलं.

मग रिकामी जागा ठेवायची, इतकं सोपं? नाही. मंगळवारी दोन सेंटिमीटर रिकामी नळी घेऊन सेमिनरी हिल्सला चढावर गेलो. पाणी आत पुढे-मागे आपटतं, ते पावलाच्या तालात नसतं, आणि सहाव्या किलोमीटरला मनगट इतकं भरून आलं की हात बदलावा लागला. आमच्यातली फिजिओथेरपिस्ट म्हणाली, दहा किलोमीटर असं पळवाल तर मी सगळ्यांचे कोपर बांधत बसेन. ती बरोबर होती.

हवा हवी, पण पाण्यापासून वेगळी. सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवला, उत्तम चालला, पण रबराचा वास आला. शेवटी तोडगा औषधाच्या ड्रॉपरवर सापडला! त्याचा सिलिकॉनचा फुगा झाकणाच्या आतल्या खुंटीवर घट्ट चढवला. पाणी काठोकाठ, हवा फुग्यात बंद. पाणी फुगलं की फुगा दबतो, रिंगला धक्का नाही. गुरुवारी सकाळी उन्हात फुटाळ्याभोवती पूर्ण दहा किलोमीटर. संपल्यावर नळी गाडीच्या बॉनेटवर उभी केली आणि सगळे वाकून बघत होते. पाणी बरोबर रेघेवर. बाही कोरडी. आत खळखळही नाही. त्यानंतर कस्तुरचंद पार्कला खाल्लेले तर्री पोहे मी बराच काळ विसरणार नाही.

साधनांबद्दल एक सांगून ठेवतो. इतवारीत नळी कापून देणाऱ्या कारागिराचं काम एक नंबर आहे, कड हाताला लागत नाही, त्याच्याकडेच जा. ऑनलाइन मागवलेली झाकणं मात्र तीनपैकी दोन तिरपी निघाली, पैसे वाया. आणि कृपा करून कुणी टीडीएस पेन घेऊन येऊ नका. तो विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही. आकडा ५०० च्या खाली दिसला की लोक पाणी चांगलं समजतात, आणि नेमका तोच गैरसमज आपल्याला घालवायचा आहे.

याच मुद्द्यावर रविवारी तालमीनंतर पारशिवनीच्या पुढच्या एका गावात माझं तोंड बंद झालं. तिथले जलसुरक्षक काका, म्हणजे गावाचं पाणी तपासणारे, ओटीची (क्लोरीन तपासायच्या औषधाची) बाटली घेऊन आले. त्यांच्या नळाच्या पाण्यात थेंब टाकले, फिकट पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन आहे. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं असतं. मग हात पुढे करून म्हणाले, "तुमचंही द्या." बॅटनमधलं थोडं ओतलं. रंग आलाच नाही. काका माझ्याकडे बघत म्हणाले, "दिसते स्वच्छ म्हणून पेता येते काय? धरणाचं पाणी हाय ते, अजून टीसीएल कुठं पडली त्यात!" टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर.

खरंच आहे. आम्ही ती नळी शुद्ध पाणी म्हणून मिरवत होतो, आणि ते फक्त शुद्ध करण्याजोगं पाणी होतं. त्यामुळे आता बॅटन हातात देताना बोलायचं वाक्य बदलायचं. नळीवर दोन रंगांच्या पट्ट्या लावायच्या का, यावर अजून एकमत नाही.

काकांनीच दुसरी गोष्ट दाखवली. एच-टू-एसची बाटली. रेघेपर्यंत पाणी भरायचं, हलवायचं, २४ ते ४८ तास उबेत ठेवायचं. काळी पडली तर पाण्यात विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. आपल्याकडे मार्चमध्ये ऊब वेगळी करावी लागत नाही.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं. आपण एका दिशेनेच का पळतोय? जाताना प्रत्येक बदलाच्या ठिकाणी गावकऱ्यांच्या हातानेच एक बाटली भरून त्यांच्याच घरी ठेवायची. आंभोऱ्याला रात्रीचा मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी तोच रूट उलटा. आपण परत पोचू तेव्हा बाटली त्यांनीच बघितलेली असेल, आणि बोलणं त्यांच्याकडून सुरू होईल. फक्त आंभोऱ्याजवळच्या गावांचे २४ तास भरणार नाहीत, तिथल्या बाटल्या आधीच्या दिवशी कुणीतरी ठेवाव्या लागतील. अंतर सव्वाशेचं अडीचशे होतं, बारा जणांना ते पेलणार नाही, वीस तरी लागतील. पण २००७ मध्ये ब्लू प्लॅनेट रनवाले पाण्यासाठीच ९५ दिवसांत १५,२०० मैल पळाले होते. त्यापुढे आपले दोन दिवस जड नाहीत.

२२ मार्च बदलत नाही, जल दिन तोच. त्याआधी या रविवारी पहाटे चारला कन्हान पुलावर या, फुग्याच्या दोन नळ्या तयार आहेत. कुही-वेलतूर भागात कुणाची ओळख असेल तर आजच कळवा. मला तिथल्या आठ घरांची गरज आहे, जिथे एक बाटली दोन दिवस मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी राहील.