प्लॉटर नोंद: आधी ब्लेडची खोली, मग प्रेशर

स्टिकरची अक्षरं कापणारं २४ इंची मशीन (कटिंग प्लॉटर), ४५ अंशाचं ब्लेड, ८० मायक्रॉनचं साधं ग्लॉसी व्हायनल, म्हणजे स्टिकरची प्लास्टिक शीट: एवढं गणित आता बसलंय. ब्लेडचं टोक होल्डरच्या (ब्लेड धरणाऱ्या नळीच्या) तोंडाबाहेर ०.१५ मि.मी., प्रेशर ९० ग्रॅम, स्पीड सेकंदाला २० सें.मी., ऑफसेट (ब्लेडचं टोक त्याच्या फिरण्याच्या मध्यापासून जेवढं बाजूला असतं ते अंतर) ०.२५ मि.मी. रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे उजेडात चमकणाऱ्या शीटचं काम अजून चालू आहे, त्याचं खाली लिहिलंय. आकडे जसेच्या तसे उचलू नका. स्वस्तातल्या मशीनवर स्क्रीनवरचे ९० ग्रॅम ब्लेडच्या टोकावर ९०च पडतील याची खात्री नसते.

कटिंग अर्धवट झालं की पहिला हात जातो तो प्रेशरच्या बटणावर. घोळ तिथूनच सुरू होतो. ब्लेड जास्तीत जास्त किती खोल जाईल हे ते होल्डरबाहेर किती काढलंय त्यावर ठरतं. तिथपर्यंत ते पोचवणं एवढंच प्रेशरचं काम. ब्लेड भरपूर बाहेर काढून कमी प्रेशरवर भागवणारेही आहेत. पण तसं केलं की होल्डरचं तोंड शीटवर टेकत नाही, खोलीला अडवणारं काहीच उरत नाही. शीट कुठं उचलली गेली किंवा ब्लेडखालच्या पट्टीत चर असला की तेवढ्याच जागी कट बिघडतो. शिवाय टोक तुटतं ते वेगळंच.

खोलीचा हिशेब सोपा आहे: व्हायनलची जाडी अधिक पाठच्या कागदाची निम्मी जाडी. ०.०८ मि.मी. व्हायनल आणि ०.१४ चा कागद असेल तर ०.०८ + ०.०७, म्हणजे ०.१५. रोलवर छापलेल्या आकड्यापेक्षा मायक्रोमीटरवर विश्वास ठेवा. उद्यमनगरात, कारखान्यांच्या या भागात, शेजारच्या लेथवाल्याकडे तो असतोच. रोलंड कंपनीच्या होल्डरवर एका खुणेला ०.१ मि.मी. आणि पूर्ण फेऱ्याला ०.५ मि.मी. सरकतं. खुणा नसलेल्या होल्डरमध्ये ब्लेड आधी पूर्ण आत घ्या, टोक नखाला जेमतेम लागेल इतपतच बाहेर काढा, मग होल्डर हातात उभा धरून शीटवर रेघ ओढा. व्हायनल सुटलं आणि कागदावर नुसता ओरखडा उठला तर तिथंच लॉकनट आवळा.

यानंतर प्रेशर. ५० ग्रॅमपासून सुरू करून दहा-दहाने वर जायचं, दर वेळी टेस्ट कट घ्यायचा. वर्तुळ आणि चौकोनाच्या टेस्टमध्ये आधी वर्तुळ एकटं सोला. चौकोन सोबत येत असेल तर प्रेशर कमी पडतंय. मग चौकोन काढून खालचा कागद उजेडात तिरका धरा. बारीक, सलग रेघ दिसली पाहिजे. बोटाला रेघेची कड लागली तर एक पायरी मागे या. डोळ्यांना नीट कळत नसेल तर त्या जागी पर्मनंट मार्कर घासा. कागदावरच्या गुळगुळीत सिलिकॉनच्या थरावर शाई धरत नाही. सिलिकॉन कापलं गेलंय तिथं ती आत जाते आणि रेघ काळी उठते. सिलिकॉन फार फाटलं की डिंक थेट कागदाला धरतो, आणि सोलताना अक्षराच्या मागे कागदाची लव निघून येते. ‘रोलच खराब’ म्हणून वाद घालण्याआधी हे एकदा तपासा.

चौकोन-वर्तुळ पास झालं तरी देवनागरी पास होईलच असं नाही. त्यासाठी टेस्टचा शब्द ‘मंडळ’ ठेवलाय. तालमीची, गणपतीची निम्मी कामं त्याच शब्दाची, आणि तपासायचं सगळं त्यात आहे: अनुस्वाराचा टिंब, ‘ड’चं वळण, ‘ळ’च्या दोन बारीक पोकळ्या, वर लांब शिरोरेषा. २० मि.मी. उंचीवर कापा. टिंब जागचा हलला तर स्पीड १० वर आणा, प्रेशर वाढवू नका. शिरोरेषेचे कोपरे गोल येत असतील तर ऑफसेट कमी आहे. कोपऱ्याला टोकं फुटत असतील तर जास्त आहे. ‘ळ’च्या पोकळीच्या कटची दोन टोकं जुळत नसतील तर बहुधा ब्लेड होल्डरमध्ये मोकळं फिरत नाही. ब्लेड काढा, आतला डिंक आणि कागदाचा भुसा साफ करा, बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंबभर हात लावा.

एक दोष मात्र मशीनचा नसतो. जुन्या फॉन्टमध्ये काना, मात्रा हे वेगळे तुकडे शिरोरेषेवर चढलेले असतात. डिझाइनच्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं कर्व्ह करून (नुसत्या रेघांत बदलून) वेल्ड केली नाहीत, म्हणजे तुकडे जोडून एक केले नाहीत, तर मशीन अक्षराच्या आतूनही कापतं, आणि स्टिकर लावलेली गाडी चार वेळा धुतली की त्या चिरेतून पाणी शिरून काना सुटतो.

रिफ्लेक्टिव्हवर सध्या ६० अंशाचं ब्लेड, ०.२५ ते ०.३ मि.मी. बाहेर, प्रेशर १६० ते १८०, स्पीड १०. ऑफसेट ब्लेडच्या पाकिटावरचाच घालावा, ४५ वाल्याचा चालवू नये. काचेचे मणी असलेली शीट ब्लेडची धार लवकर खाते, म्हणून साध्या व्हायनलचं ब्लेड तिला लावत नाही. एका दमात २०० ग्रॅम देण्यापेक्षा १२० वर दोन फेऱ्या जास्त साफ येतात, पण पिंच रोलर (शीट दाबून धरणारी चाकं) दोन्ही कडांना सारखे बसलेले हवेत, नाहीतर दुसरी रेघ पहिलीवर पडत नाही. १५ मि.मी. खालच्या अक्षरांच्या कडा अजून कुरतडल्यासारख्या येतात.

पावसाळ्यात आपल्याकडे पाठचा कागद ओल धरतो, फुगतो आणि शीटच्या कडा वळतात. लागणारा तुकडा आदल्या रात्री उलगडून सपाट ठेवा आणि सकाळी पुन्हा टेस्ट घ्या. बहुतेक वेळा दहा ग्रॅमचा फरक निघतो. एप्रिल-मेमध्ये उलटं: डिंक मऊ होऊन कापलेल्या रेघेत परत चिकटतो, तेव्हा कापलेलं लगेच सोला.

आणि ब्लेडखालची पांढरी पट्टी नखाने चाचपून पाहा. चर लागला तर पट्टी बदला. कुठल्याही प्रेशरने ती जागा नीट कापली जाणार नाही.