शेगडीतली गुंडाळी
शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी काहीतरी लिहून दे असा ग्रुपवर मेसेज आला आणि मला पहिली आठवली ती शेगडी. शिपाईमामा चहा करायचे ती, कोळशाची. आठवीला बायबलचा तास घेणाऱ्या सरांनी एका थंडीत ती थेट वर्गात आणून ठेवली.

आदल्या दिवशी त्यांनी आम्हा प्रत्येकाला यिर्मयाच्या पुस्तकातला एकेक उतारा उतरवून आणायला सांगितलेला. सगळी पानं डिंकाने चिकटवून लांबलचक गुंडाळी केली. मग एकाला उभं करून वाचायला लावलं, आणि तीनचार पानं वाचून झाली की सर तेवढा भाग ब्लेडने कापून निखाऱ्यांवर टाकायचे. तिसरं पान माझं होतं. टाक बदलून, रेघा मारून लिहिलेलं. शाई आधी तपकिरी झाली मग पान कडेने वळलं. आम्ही ओरडतोय, सर नका ना, नका ना!

बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकात ३६व्या अध्यायात हेच आहे. हा संदेष्टा, म्हणजे देवाचा संदेश सांगणारा, २३ वर्षं तोंडाने इशारे देत राहिला, लोक ऐकेनात, आणि शेवटी त्याला मंदिरात जायचीच बंदी झाली. मग इ.स.पू. ६०५ च्या सुमारास त्याने आपला लेखनिक बारूख याला बसवून सगळं सांगितलं, बारूखने शाईने लिहून घेतलं. पुढच्या वर्षी उपासाच्या दिवशी ते मंदिरात वाचलं, मग अधिकाऱ्यांपुढे, मग राजापुढे, एका दिवसात तीनदा, आणि यिर्मया स्वतः तिथे कुठेच नाही! मला हे फार मोठं वाटतं, माणसाला अडवता येतं पण त्याचा शब्द दुसऱ्याच्या हातात गेला की तो चालत राहतो. यहूदाच्या यहोयाकीम राजाने ती गुंडाळी कापून जाळली, तिघांनी नको म्हणून विनवलं तरी. यिर्मयाने बारूखकडून सगळं परत लिहून घेतलं, वर आणखी भर घातली. पुढे इ.स.पू. ५८६ च्या आसपास त्यांची राजधानी यरुशलेम पडली तेव्हा आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं असं म्हणायची सोय उरली नव्हती. यशया या आधीच्या संदेष्ट्यालाही हेच सांगितलेलं, पुढच्या काळासाठी लिहून ठेव, साक्ष म्हणून.

आणि जुना शब्द जपलेला असला की जीवसुद्धा वाचतो. यिर्मयाला मारायला लोक उठले तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच्या मीखा या संदेष्ट्याचं, यरुशलेम ओसाड होईल असं सांगणारं वाक्य काढून दाखवलं, की तेव्हाच्या हिज्कीया राजाने असं ऐकूनही मीखाला मारलं नव्हतं. ते वाक्य आजही मीखाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत यशयाची अख्खी गुंडाळी मिळाली, सात मीटरहून लांब, दोन हजार वर्षांपूर्वीची. कोणीतरी बसून ती अक्षर अक्षर उतरवली असणार ना.

माझ्या आईला वाचता येत नव्हतं. रात्री मी वाचायचो, कंटाळून एखादी ओळ गाळली की ती डोळे मिटूनच म्हणायची, "मधलं राहिलं रे." लिहिलेलं होतं म्हणून तिच्यापर्यंत आलं.

तर त्या दिवशी सर शेगडी बाजूला सारून एवढंच म्हणाले, परत लिहा. आम्ही लिहिलं. ती दुसरी गुंडाळी लायब्ररीच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेवलेली. कपाट अजून असेल तर कोणीतरी बघा प्लीज, त्यातही तिसरं पान माझंच आहे.