मळ्यातल्या कोंबड्या अन् दोस्तांचे वाटे

लातूरकडं मळ्यात आम्ही दोस्तांनी मिळून वनराजा कोंबडीची पिल्लं पाळलीत, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनं काढलेली ही जात उकिरडा उकरत, ज्वारीची कणी खात मोकळ्यावर मस्त वाढते. राणीखेत रोगावरच्या लासोटा लशीचा डोस मात्र पहिल्या आठवड्यातच डोळ्यात थेंब टाकून द्यायचा, त्यात हयगय नको म्हंजे नको. कापायच्या आदल्या रात्री दाणा बंद, पाणी चालू, म्हणजे आतडी रिकामी राहतात अन् साफ करायला सोपं जातं. पिसं काढायला उकळतं पाणी घेऊ नका, 60-65 अंश बास, नाहीतर कातडी फाटते, पंखाचं मोठं पीस ओढून बघायचं, अलगद निघालं की झालं. कलेजीला चिकटलेली पित्ताची हिरवी पिशवी न फोडता सोडवायचं काम आमच्यातल्या एकाकडंच, लई हलका हात त्याचा! वाटे सगळ्यांना सारखे, रस्सा येसर मसाला घालूनच.