तिरपं का लागत नाही?

आर्केड जॉयस्टिकचा डबा उघडला की आधी दिसते ती रिकामी जागा. एवढा जड, मांडीवर घेऊन बसायचा डबा, आणि आत एका बाजूला लिव्हरचा सांगाडा, मधोमध आठ बटणांच्या शेपट्या, कडेला काडेपेटीएवढं यूएसबीचं सर्किट. बाकी नुसत्या वायरी. डबा माझ्या भाच्याचा. त्याचा चेहरा पडला, माझा मात्र खुलला. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघते. ज्या वस्तूच्या आत हात घालायला जागा असते ती दुरुस्त होते, हे मला रोजच्या कामातून माहीत आहे.

तक्रार अशी होती की ‘हाडोकेन’ निघत नाही. न खेळणाऱ्यांसाठी सांगते: १९८७ साली आलेल्या पहिल्या स्ट्रीट फायटर गेमपासून हा डाव चालत आलाय. लिव्हर खाली, मग खाली-उजवीकडे, मग उजवीकडे अशी पाव वर्तुळात फिरवायची आणि ठोसा मारायचा. भाच्याचं खाली लागत होतं, उजवं लागत होतं, मधलं तिरपं बहुतेक वेळा गायब. त्याला वाटलं लॅग आहे, म्हणजे सिग्नल उशिरा पोचतोय. केबल बदलून झाली, लॅपटॉपचा पोर्ट बदलून झाला. शेवटी म्हणाला, “मावशी, नवीनच घेतो ना सरळ.” मी म्हटलं, आधी उघडू तर दे.

लॅगचा संशय मला पहिल्यापासून पटत नव्हता. हे गेम सेकंदाला ६० फ्रेम चालतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. सिग्नल उशिरा पोचत असेल तर सगळंच उशिरा पोचायला हवं, बटणंसुद्धा. एकच दिशा हरवते म्हटल्यावर दोष त्या दिशेच्या वाटेवरच शोधायचा.

आणि गंमत म्हणजे ‘तिरपी’ अशी दिशा या यंत्रात नसतेच. लिव्हरच्या खाली चार मायक्रोस्विच, म्हणजे हलक्या दाबाने लागणारे छोटे स्विच, बसवलेले असतात: वर, खाली, डावं, उजवं. तिरपं म्हणजे शेजारचे दोन एकाच वेळी दाबले जाणं, बस. लिव्हरपासून सर्किटपर्यंत पाचच वायरी जातात, चार दिशांच्या चार आणि एक सामायिक ग्राउंड. स्विच दाबला की त्या दिशेची वायर ग्राउंडला टेकते आणि सर्किटला कळतं. मोठ्या आर्केड मशीनमध्येही हीच रीत. जपानी कंपन्यांनी १९८५ च्या सुमारास ‘जामा’ नावाचं ५६ पिनांचं कनेक्टर ठरवून घेतलं, त्यातही प्रत्येक दिशेला एक पिन आणि स्विचचं दुसरं टोक ग्राउंडला. म्हणूनच एका मशीनमधला बोर्ड काढून दुसरा गेम बसवणं मालकांना सोपं गेलं.

लिव्हर खोलायला सुरुवात वरच्या गोळ्यापासून. दांड्याच्या खालच्या टोकाला खाच असते, तिच्यात चपटा स्क्रू ड्रायव्हर धरून ठेवायचा आणि वरचा गोळा उलटा फिरवायचा. मग खालून ‘गेट’ काढायचं. गेट म्हणजे दांड्याला कुठवर जाऊ द्यायचं ते ठरवणारी प्लॅस्टिकची चौकट. चौकोनी असते, अष्टकोनी असते, गोलही मिळते. भाच्याने मित्राचं ऐकून चौकोनी काढून अष्टकोनी बसवली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा.

गेटच्या आत दांड्याच्या तळाशी काळ्या प्लॅस्टिकची नळी असते, तिला ॲक्च्युएटर म्हणतात. स्विच दाबण्याचं काम तिचं. तिला जागेवर धरते एक ई-सर्क्लिप, म्हणजे इंग्रजी ‘E’च्या आकाराची क्लिप, नखाएवढी. ॲक्च्युएटर अंगठ्याने दाबायचा, आतली स्प्रिंग आखडली की सर्क्लिप सैल पडते, मग बारीक स्क्रू ड्रायव्हरने बाहेर ढकलायची. ढकलताना वर फडकं धरायचंच. ती उडाली तर थेट कपाटाखाली जाते, आणि तिच्याशिवाय अख्खी लिव्हर निरुपयोगी. सर्क्लिप निघाली की ॲक्च्युएटर, स्प्रिंग, आणि दांडा ज्याच्यावर डुलतो तो पांढरा पिव्हट, सगळं हातात येतं. पिव्हटवरचं ग्रीस धुळीने काळं झालं होतं, पण झीज दिसली नाही.

इथे एक गोष्ट भाच्याला मुद्दाम दाखवली. पिव्हट मधे आहे, म्हणजे गोळा उजवीकडे ढकलला की दांड्याचं खालचं टोक डावीकडे जातं. त्यामुळे ‘उजवं’ लागण्यासाठी जो स्विच दाबला जातो तो डाव्या अंगाला असतो, आणि ‘खाली’चा स्विच वरच्या अंगाला. तो इतके दिवस उजव्या बाजूच्या वायरी हलवून बघत होता.

सगळं पुन्हा जोडलं, वायरी मात्र सोडवूनच ठेवल्या आणि मीटर कंटिन्युइटीवर लावला, म्हणजे वाट जोडली गेली की बीप वाजते. एक टोक स्विचच्या कॉमन म्हणजे सामायिक पिनेला, दुसरं एनओला, म्हणजे दाबल्यावरच जोडल्या जाणाऱ्या पिनेला. वर, खाली, डावं, तिन्ही स्विच दांडा साधारण अर्ध्या वाटेवर आला की बीप देत होते. ‘उजवं’ बीप देत होतं, पण दांडा गेटला जवळजवळ टेकल्यावर. तिरपं नेलं तर त्याचा आवाजच नाही. मग गेट काढलं आणि पुन्हा तिरपं नेलं. बीप.

हा सगळा भूमितीचा खेळ आहे. चौकोनी गेटमध्ये दांडा कोपऱ्यात गेला की दोन्ही स्विचांना पूर्ण चाल मिळते, सरळ ढकलल्यावर मिळते तेवढीच. गोल किंवा अष्टकोनी गेटमध्ये तसं होत नाही. तिथे तिरपं गेल्यावरही दांड्याचं मधल्यापासूनचं अंतर तेवढंच राहतं, आणि ते दोन दिशांत वाटलं जातं. प्रत्येक स्विचच्या वाट्याला येते सरळ चालीच्या सुमारे ७० टक्के. निरोगी स्विचला ती पुरते. जो स्विच शेवटच्या टोकालाच लागतो, त्याला नाही पुरत. म्हणजे दोष स्विचचा, आणि तो उघडा पाडला गेटने. चौकोनी गेट असतं तर भाचा अजून कितीतरी महिने निवांत खेळला असता.

स्विच सोडवून उजेडात धरला तेव्हा कारणही दिसलं. या लिव्हरला चार सुटे मायक्रोस्विच होते, प्रत्येकाच्या डोक्यावर धातूची पत्ती. उजव्याची पत्ती मुळापाशी किंचित वाकून स्विचच्या अंगाकडे बसली होती. इतरांच्या शेजारी ठेवल्यावरच कळावा इतका फरक.

पत्ती पकडीने उचलून काम भागलं असतं. लहानपणी नाशिकरोडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये भावाबरोबर जायचे तेव्हा पार्लरवाले काका हेच करायचे. मशीन ‘मुस्तफा’चं. कॅपकॉमच्या १९९३ च्या त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण ते कोण म्हणणार! कुणी ओरडलं की काका किल्लीने पॅनेल उघडायचे, पक्कड आत घालायचे, काहीतरी वाकवायचे, आणि मशीन पुन्हा चालू. पोरं पैसे देऊन रांगेत उभी असताना ते बरोबरच होतं. पण एकदा वाकलेली पत्ती पुन्हा वाकते, म्हणून मी बदलायचं ठरवलं. आणि बदलायचे तर चारही. एकच नवा घातला तर त्याचा दाब वेगळा लागतो आणि बोटांना ते लगेच कळतं.

जुना स्विच मी उघडला. आत तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी असते, ताणून बसवलेली. वरून दाब वाढत जातो तोवर ती हलत नाही, आणि एका ठरावीक बिंदूला एकदम पलटी मारून दुसऱ्या संपर्काला चिकटते. ‘टक’ आवाज येतो तो या पलटीचा. तुम्ही हळू दाबा की जोरात, पलटीचा वेग जवळपास तोच. सोडताना ती त्याच बिंदूला परतत नाही, थोडं मागे आल्यावर परतते, त्यामुळे हात सीमेवर थरथरला तरी स्विच चालू-बंद होत बसत नाही. अमेरिकेत फ्रीपोर्ट नावाच्या गावी मॅकगॉल यांनी १९३२ मध्ये याचा शोध लावला. आमच्या कारखान्यातल्या मशीनच्या लिमिट स्विचमध्ये हीच करामत आहे, घरच्या मायक्रोवेव्हच्या दारातही हीच.

मापही तेच: २७.८ मिलिमीटर लांब, १५.९ उंच, १०.३ जाड. त्यामुळे ऑनलाइन मागवून वाट बघायची गरज नव्हती. एम. जी. रोडला दुकानदाराने विचारलं, “ताई, ओव्हनच्या दाराला का?” मी म्हटलं, नाही, गेमला. त्याने जे पहिल्यांदा काढलं त्यावर १६ अँपिअर, २५० व्होल्ट छापलेलं होतं. माणसाला वाटतं, जास्त अँपिअर म्हणजे जास्त दणकट. इथे नेमकं उलटं आहे. मोठ्या प्रवाहाच्या स्विचला चांदीचे संपर्क असतात. चांदीवर हवेतल्या गंधकाने काळपट थर चढतो, आणि मोठा प्रवाह तोडताना उडणारी ठिणगी तो थर जाळून टाकते. जॉयस्टिकमध्ये पाच व्होल्ट किंवा त्याहून कमी, आणि प्रवाह बहुतेक वेळा एक मिलिअँपिअरसुद्धा नाही. ठिणगी पडत नाही, थर तसाच राहतो, आणि काही काळाने स्विच अधूनमधून दगा देतो. अशा बारीक सिग्नलला सोन्याचा मुलामा दिलेले संपर्क हवेत. ०.१ अँपिअर लिहिलेले मागा, ते बहुधा तसेच असतात. दाबही हलका बघा, नाहीतर तासाभराने मनगट भरून येतं. दुकानदाराने मागच्या खोक्यातून शोधून दिले, त्याचे आभार.

बसवणं सोपं होतं. जुन्या वायरींना डाग दिलेला होता. मी नव्या स्विचला ४.८ मिलिमीटरच्या थिंबल (वायरीच्या टोकाला बसणाऱ्या, नुसत्या खोचायच्या टोप्या) लावल्या, म्हणजे पुढच्या वेळी भाच्याला सोल्डरिंग गन शोधावी लागणार नाही. जुनं ग्रीस कपड्याने पुसून पिव्हटला थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं. ते फक्त पिव्हटला, स्विचच्या जवळपासही नाही. आणि कृपा करून लिव्हरच्या बुडाशी गंज काढायचे स्प्रे मारू नका, तेल संपर्कांवर जाऊन बसतं आणि वर धूळ धरतं.

आता चारही स्विच अर्ध्या वाटेवर बीप देतात, तिरपं चारही तिरप्या कोपऱ्यांत लागतं. गेटवरून मात्र आमचं एकमत नाही. माझं म्हणणं, चौकोनीच बरं, कोपऱ्यात पूर्ण चाल मिळते आणि स्विच थोडा म्हातारा झाला तरी चालतं. भाचा म्हणतो, अष्टकोनीत आठही दिशा बोटांना खाचेसारख्या जाणवतात, पाव वर्तुळ फिरवताना ते बरं पडतं. खेळणारा तो आहे, म्हणून अष्टकोनी ठेवलं. चौकोनी गेट डब्यातल्या त्या रिकाम्या जागेत टेपने चिकटवून दिलं आहे, मत बदललं तर चार क्लिपा काढायच्या आणि बसवायचं.