उत्तराखालची चर्चा

गुरुवार, रात्री साडेदहा.

मार्केट यार्डातील एका गूळ अडत दुकानासाठी मी लिहिलेल्या प्रोग्रॅमने कागलच्या आवकेचा आकडा कमी दाखवला, आणि दिवाणजींनी वहीतली बेरीज समोर ठेवून ती चूक दाखवून दिली तेव्हा मला फार वाईट वाटले. प्रोग्रॅम कुठेही अडला नव्हता, एकही एरर आली नव्हती. कागलचे काही रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, हिशेबातून निमूटपणे गळले होते.

गावनिहाय बेरजेसाठी मी ‘पायथन कुकबुक’ या पायथन प्रोग्रॅमिंग भाषेतील तयार कृतींच्या पुस्तकातून ग्रुपबायची, म्हणजे सारख्या नोंदींचे गट पाडणाऱ्या फंक्शनची, कृती उचलली होती. डेव्हिड बीझली आणि ब्रायन जोन्स यांच्या या पुस्तकाच्या २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक कृतीचे तीन भाग आहेत: अडचण, उत्तर आणि चर्चा. कामाच्या घाईत मी उत्तरातला फक्त लूप, म्हणजे गट एकेक करून घेणारा भाग, उतरवून घेतला, त्याच्या वरची सॉर्टची (नोंदी क्रमाने लावण्याची) ओळ यादी नीट दिसावी म्हणून असेल असे समजून वगळली, आणि चर्चा तर वाचलीच नाही.

आज ती चर्चा सावकाश वाचली. ग्रुपबाय फक्त लागोपाठ आलेल्या सारख्या नोंदी एकत्र करते, त्यामुळे आधी सॉर्ट करणे अनिवार्य आहे, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. खात्री करण्यासाठी कागल, राधानगरी, कागल अशा तीनच नोंदी घालून पाहिले, तर कागलचे दोन गट पडले. मी प्रत्येक गटाची बेरीज गावाच्या नावाखाली डिक्शनरीत (एका नावाखाली एकच नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) ठेवत होतो, म्हणून दुसऱ्या गटाने पहिल्याची बेरीज पुसून टाकली होती. त्याच चर्चेत पुढे असेही सांगितले आहे की नोंदी नुसत्या गटांत विभागायच्या असतील, तर डिफॉल्टडिक्टचा, म्हणजे नवे नाव आले की त्याचा रिकामा गट आपोआप तयार करणाऱ्या डिक्शनरीचा, पर्याय आहे आणि त्याला सॉर्टची गरज नाही. माझ्या कामाला तोच योग्य होता.

नोकरीला लागल्यापासून मी अशी पुस्तके केवळ अडल्यावर उघडत आलो, आणि त्यातून काम भागले तरी हात तयार झाला नाही. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे पाकाकडे बघून ठरवतो; ती नजर मला माझ्या कामात हवी आहे. म्हणून आता रोज एकच कृती चर्चेसह वाचायची, पुस्तक मिटून ती स्वतः लिहायची, आणि मुद्दाम वाकडी माहिती देऊन ती कुठे मोडते ते पाहायचे, असे ठरवले आहे.

पुस्तक जुने झाले आहे, याचेही भान ठेवावे लागते. ते पायथन ३.३ च्या काळातले आहे. डिक्शनरीतील नोंदींचा क्रम टिकवण्यासाठी त्यात ऑर्डर्डडिक्ट वापरायला सांगितले आहे, पण २०१८ साली आलेल्या ३.७ पासून साध्या डिक्शनरीतही नोंदी घातल्याच्या क्रमाने राहतात. मात्र क्रम का जपायचा, हे त्या पानांवरून मला आज अधिक नीट समजले.

नवा कोड गेल्या महिन्याच्या सगळ्या आवकेवर चालवला आणि कागलची बेरीज वहीशी जुळली. बाकीच्या गावांचे आकडे उद्या दुकान उघडताच दिवाणजींसोबत ओळीनओळ ताडून पाहायचे आहेत.