उत्तर उद्या येणारच आहे, मग?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "उत्तर उद्याच्या पेपरात येईलच, फोनला विचारलं तर आत्ताही मिळेल. मग चार-पाच शहाणी माणसं एका क्लूवर अख्खी संध्याकाळ कशाला घालवता?" फोंड्यात आमच्या सोप्यावर क्रिप्टिक शब्दकोडं, म्हणजे ज्याच्या क्लूतच शब्दांचा खेळ दडवलेला असतो असं कोडं, घेऊन बसलेली मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, ते कधी ना कधी हे विचारतातच.

पेपरात दुसऱ्या दिवशी येतो तो नुसता शब्द. तोच का, दुसरा का नाही, हे तिथे छापत नाहीत. आम्ही बसतो ते त्या 'का'साठी. चौकटीत शब्द बसला पण त्याची फोड जुळली नाही, तर आमच्या हिशेबी तो क्लू सुटलेला नसतो.

साध्या कोड्यात 'गोव्याची राजधानी' असं विचारतात. क्रिप्टिकमध्ये तेच 'आईची आजी की राजधानी? (३)' असं येईल; कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. पणजी. हा अगदी नवख्यांसाठीचा क्लू. इंग्रजी पेपरातलं कोडं आम्ही नेमाने सोडवतोच, पण हल्ली कुणीतरी मराठीत रचलेले दोन-चार क्लू घेऊन येतं आणि खरी जुंपते ती त्यांच्यावर.

मागे एकाने आणलेला क्लू असा होता: 'परशुरामाने एकच सोडला, तरी रांग लागली (४)'. उत्तर लगेच आलं, बाणावली. परशुरामाचा बाण जिथे पडला म्हणतात, ते सासष्टीतलं गाव. बाण अधिक आवली, म्हणजे रांग. मला तर क्लू फार आवडला. पण बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या ताईंनी हरकत घेतली. इंग्रजीत दोन शब्द शेजारी ठेवले तरी त्यांची अक्षरं जशीच्या तशी राहतात. आपल्याकडे एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रेसकट. 'बाण'मधला 'ण' आणि 'आवली'तला 'आ' मिळून 'णा' होतो. मूळचं एकही अक्षर त्या घरात तसंच उरत नाही. मग सोडवणाऱ्याला तसं सुचवायला नको? भटजींचं म्हणणं, संधी हा भाषेचाच नियम आहे, त्याला वेगळी सूचना कशाला हवी? यावर चहा झाला, भाजी-पाव झाला, पुन्हा चहा झाला. शेवटी क्लू नव्याने रचला गेला: 'परशुरामाचं अस्त्र रांगेला भिडलं ते गाव (४)'. त्या 'भिडलं'मध्ये संधी आली आणि 'ते गाव' ही सरळ व्याख्या मिळाली. पहिल्यापेक्षा हा क्लू निःसंशय प्रामाणिक आहे. एकट्या माणसाकडून हे होत नाही. त्याला स्वतःची पळवाट दिसत नाही.

प्रामाणिकपणाचा हा वाद इंग्रजीतही फार जुना. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६पासून एडवर्ड पॉइस मॅथर्स कोडी रचायचा, तीही बेफाम अवघड. १९३९मध्ये त्याची जागा डेरिक मॅकनटने घेतली आणि क्लू कसा असावा याचे नियम घालून दिले. अचूक व्याख्या, न्याय्य शब्दखेळ आणि याखेरीज काहीही नाही, हे त्याचं सार. १९७२पासून ती गादी जोनाथन क्राउदरकडे आली. या तिघांनी घेतलेली टोपणनावं मात्र मला अस्वस्थ करतात: टॉर्केमाडा, झिमेनेस आणि 'डेझा' उलटं करून अझेड. ही तिन्ही नावं स्पेनच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या न्यायासनाच्या, मुख्य अधिकाऱ्यांची. सोडवणाऱ्याचा छळ करणारा, एवढाच त्यांचा अर्थ असेल. पण मधली काही वर्षं सोडली तर १५६०पासून १८१२पर्यंत जिथे ते न्यायासन प्रत्यक्ष चाललं, त्या गोव्यात बसून ही नावं सहज तोंडी येत नाहीत. मी त्यांना मॅथर्स, मॅकनट आणि क्राउदरच म्हणते.

आणि एकत्र बसण्याचं आणखी एक कारण. आम्ही घरात कोंकणी बोलतो, वाचतो मराठी, शिकलो इंग्रजीत, काहींच्या आज्यांच्या तोंडी पोर्तुगीज होती. प्रत्येकाचा शब्दांचा साठा वेगळा. जहाजावर आयुष्य काढलेला आमचा एक तारवटी मित्र आहे. इंग्रजी क्लूमध्ये 'सेलर' दिसला की टार, सॉल्ट, एबी यांतला कुठला बसेल, हे तो आमच्या आधी ओळखतो. 'फ्लॉवर' म्हणजे फूल सोडून 'फ्लो' करणारी, वाहणारी ती, म्हणजे नदी, ही जुनी खोडी मला ताईंनी शिकवली. त्या दिवसापासून मी इंग्रजी शब्दांकडे वेगळ्याच नजरेने बघते.

भटजी इंग्रजी कोड्यात फारसे रमत नाहीत. पण गणपतीला लिहिताना थांबावं लागावं म्हणून व्यासांनी कूटश्लोक घातले, ही कथा सांगून ते एकदा म्हणाले, आता आमचा क्लू घ्या:

केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः।
रुदन्ति कौरवाः सर्वे हा हा केशव केशव॥

केशव पडलेला पाहून द्रोणाला आनंद झाला आणि कौरव रडू लागले? महाभारताच्या हे सगळं उलटं! 'केशवं' तोडा: के, म्हणजे पाण्यात, शवं, म्हणजे प्रेत. द्रोण म्हणजे डोमकावळा, कौरव म्हणजे कोल्हे. पाण्यात पडलेलं प्रेत पाहून कावळा खूश, कारण तो तिथवर उडत जाईल. कोल्हे काठावरून रडताहेत. क्षणभर कुणी बोललंच नाही, मग सगळे एकदम बोलू लागले.

ताईंचा आक्षेप अजून उभा आहे. द्रोण म्हणजे कावळा हे कोशात मिळतं, ते मान्य. पण कौरवांचे कोल्हे करणं ओढूनताणून आहे, असं त्यांचं मत. माझंही थोडं तसंच आहे. भटजींना ते अजिबात पटलेलं नाही, येत्या शनिवारी ते कोश घेऊन येणार आहेत.