तुम्ही विचारलंत म्हणून: डालग्याखालचे पंधरा दिवस

जुन्या कोंबड्यांत नवी कोंबडी सोडली की त्या तिला टोचून टोचून रक्तबंबाळ करतात, तर काय करावे, हा प्रश्न मला वर्षाकाठी आठदहा जण तरी विचारतात. विचारणारे कधी घोडबंदर रस्त्यालगतच्या एखाद्या बंगलीतले असतात, कधी नवी मुंबईतल्या आमच्याच करावे गावातले, आणि अलीकडे तर पनवेलच्या पुढे जागा घेऊन शनिवार-रविवार तिथे राहायला जाणारेही असतात. प्रश्न बहुधा फोनवर येतो, तोही कोंबडी आधीच सोडून झाल्यावर, आणि मागे कलकलाट ऐकू येत असतो. तेव्हा मी एवढेच सांगतो की तिला ताबडतोब उचला आणि टोपलीखाली झाका. बाकीचे उत्तर लांबीचे आहे आणि ते फोनवर देता येत नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

आमचे घर गावठाणात आहे. मागे परस म्हणून जे उरले आहे ते २२ फूट लांब आणि १२ फूट रुंद. त्यात एक शेवग्याचे झाड, एक धुण्याचा दगड, एक सिमेंटचे पिंप आणि माझे खुराडे. कोंबड्या सात ते दहाच्या आसपास असतात. कोंबडा ठेवलेला नाही, कारण पहाटे चारला त्याने दिलेली बांग पलीकडच्या इमारतीतील सात मजल्यांना ऐकू जाते आणि मला गावात राहायचे आहे.

पहिल्या वेळी मी जी चूक केली ती जवळजवळ सगळेच करतात. एका विक्रेत्याकडून गावरान म्हणून एक तांबूस कोंबडी घेतली, संध्याकाळी घरी आणली आणि थेट परसात सोडली. एकच होती, त्यामुळे तिच्या वाट्याला सहाजणी आल्या. सकाळी पाहिले तेव्हा ती पिंप आणि भिंत यांच्यामधल्या फटीत डोके खुपसून बसली होती. बाकी सारे अंग बाहेर होते. तुऱ्यामागची कातडी निघून आली होती आणि त्या ओल्या लाल जागेवर माझी सर्वांत गरीब वाटणारी कोंबडी, जिला आम्ही कवडी म्हणत असू, शांतपणे एकेक टोच मारून परत दाणे वेचायला जात होती. तिच्या त्या शांतपणाने मला अधिक धक्का बसला. पुढे लक्षात आले की यात राग नव्हताच. लाल रंग आणि रक्त दिसले की कोंबडी टोचते, आणि एकीने टोचले की दुसरीही टोचते.

कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचे याची एक उतरंड असते. नॉर्वेतील थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून १९२०च्या दशकाच्या आरंभी ती शास्त्रीय भाषेत मांडली. पण आपल्याकडील कोणत्याही घरात जी बाई दाणे टाकते तिला ही उतरंड पाठच असते. माझ्याकडे पाटलीण नावाची कोंबडी सर्वांना टोचते, तिला कोणी टोचत नाही; कवडी शेवटून दुसरी. एकदा क्रम ठरला की रोजचे भांडण मिटते, कारण खालच्या कोंबडीने वाट सोडली की वरची पुढे निघून जाते. नवी कोंबडी येते तेव्हा या शिडीवर तिची पायरी कुठली हे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे प्रत्येकीशी तिचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. हा हिशेब तुम्हाला टाळता येणार नाही आणि टाळायचा प्रयत्नही करू नये. पाठलाग, मानेवरचा एखादा टोच, पिसे फुलवून समोरासमोर उभे राहणे हे सगळे त्यातच येते.

मग रक्त का निघते? माझे मत असे आहे की त्यात स्वभावाचा भाग थोडा आणि जागेचा फार असतो. कोंबडी हार मानते ती पळून. मोकळ्या रानात दहा पावले पळाली की विषय संपतो. पण १२ फुटांच्या परसात हरलेली कोंबडी पळते, भिंतीला थडकते आणि पुन्हा जिंकणारीच्या समोर येऊन उभी राहते. तिने हार मानली हे समोरचीला कळायला वावच उरत नाही. शहरात कोंबड्या पाळणाऱ्याची खरी अडचण ही आहे, आणि पुढे जे काही सांगतो आहे ते सारे हरणारीला हरायला जागा कशी द्यावी एवढ्यासाठीच आहे.

माझी आई असती तर तिने मला त्या संध्याकाळी थांबवले असते. बाजारातून किंवा कोणाच्या घरून कोंबडी आली की ती म्हणायची, “दोन दिस डालग्याखाली ऱ्हाव दे तिला, मंग सोर.” बांबूच्या विरळ विणीचे ते डालगे अंगणाच्या मधोमध पालथे पडलेले असे आणि वर एक दगड ठेवलेला असे. आत नवी कोंबडी, बाहेर जुन्या. त्यांना ती दिसायची, तिचा आवाज ऐकू यायचा, पण चोच पोहोचायची नाही. आज पुस्तकांतून जाळीचे पार्टिशन घाला म्हणून जे सांगतात ते हेच. आईचे दोन दिवस मात्र आजच्या परसाला पुरत नाहीत, कारण तिच्या वेळी अंगणापुढे खाडीपर्यंत मोकळे होते. मी पंधरा दिवस धरतो. कोंबडी दुसरीला ओळखते ती मुख्यतः डोके आणि तुरा पाहून, त्यामुळे रोज दिसणे महत्त्वाचे आहे. डालग्यात पंधरा दिवस कोंडणे क्रूर होईल, म्हणून मी परसाचा एक कोपरा चार फूट जाळीने अडवून त्यालाच डालगे म्हणतो.

पण या डालग्याच्याही आधी एक महिना आहे, आणि तो सांगितला की विचारणाऱ्याचा उत्साह मावळतो. नवी कोंबडी आणली की ती ३० दिवस पूर्णपणे वेगळी, शक्यतो घराच्या दुसऱ्या बाजूला किंवा गच्चीवर ठेवावी. माझी दुसरी चूक येथे झाली. दुसऱ्या वेळी मी दोन कोंबड्या आणल्या, त्या धडधाकट दिसत होत्या, म्हणून त्यांना लगेच जाळीआड ठेवले. दहा दिवसांत माझ्या जुन्या कोंबड्या शिंकू लागल्या, एकीचा डोळा सुजून बंद झाला, आणि चार गेल्या. नव्या दोघींना शेवटपर्यंत काहीही झाले नाही. सर्दीचे काही आजार असेच असतात. बरी झालेली कोंबडी स्वतः ठणठणीत राहते आणि इतरांना रोग देत फिरते. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आला तर मग मोजायलाही काही उरत नाही.

या महिन्यात आधी जुन्यांचे दाणापाणी करावे, मग नव्यांचे. उलट कधीही करू नये. नव्यांकडे जाताना वेगळ्या चपला, परत आल्यावर साबणाने हात. विष्ठा रोज पाहावी, पंखाखाली आणि गुदाभोवती उवा-पिसवा आहेत का ते पाहावे, जंताचे औषध याच काळात द्यावे. घेतानाच लसींविषयी विचारावे: पहिल्या आठवड्यात लासोटा आणि साधारण आठव्या आठवड्यात आर-टू-बी या राणीखेतच्या लसी झालेल्या असणे चांगले. लसीची कुपी शेदोनशे मात्रांची येते आणि एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून पाचसहा घरांनी एकच दिवस ठरवून पशुवैद्यकाला बोलावणे परवडते. आमच्या आळीत आम्ही तसे करतो. हा सारा अतिरेक आहे असे ज्यांना वाटते त्यांना मी आठवण करून देतो की जानेवारी २०२१ मध्ये घोडबंदर भागात मेलेल्या बगळ्यांत बर्ड फ्लू आढळला होता, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोलीत तो कोंबड्यांतच निघाला. आसपास कुठे अशी बातमी असेल तर नवी कोंबडी आणण्याचा बेतच रद्द करावा. आणि आपल्या परसातल्या कोंबड्या अचानक एकामागून एक मरू लागल्या तर त्या गुपचूप पुरू नयेत, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

कोंबडी एकटी आणू नये, हे मला आता नियमासारखे वाटते. दोन किंवा तीन आणाव्यात, म्हणजे मार वाटला जातो आणि रात्री टेकायला ओळखीचे अंग मिळते. अगदी लहान पिले आणू नयेत. आकाराने जुन्यांच्या जवळपास पोहोचलेल्या, चार महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, उत्तम. मी गेल्या वेळी ग्रामप्रिया जातीच्या दोन तलंगा घेतल्या. येथे खाद्याची एक अडचण येते. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या लेअर खाद्यात कॅल्शियम पुष्कळ असते आणि ते अंडी न देणाऱ्या तलंगांच्या मूत्रपिंडाला जड जाते. म्हणून एकत्र झाल्यावर मी सर्वांनाच ग्रोअर, म्हणजे वाढीच्या वयातल्या कोंबड्यांचे खाद्य देतो आणि कालवांची शिंपे कुटून वेगळ्या करवंटीत ठेवतो. खाडीकाठी राहण्याचा हा एक फायदा. जिला गरज असते ती आपणहून शिंपे खाते, तलंगा तिकडे फिरकत नाहीत.

महिना निर्धोक गेला की नव्या जाळीआड येतात. पहिले दोन दिवस जुन्या जाळीवर धावून जातात, चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळतात. मी दाण्याचे भांडे जाळीच्या दोन्ही बाजूंना, अगदी जाळीला लावून ठेवतो, म्हणजे समोरासमोर खाण्याची सवय होते. शेवटच्या आठवड्यात उतरंडीतील अगदी तळची कोंबडी नव्यांच्या बाजूला टाकतो. ही युक्ती मला माझ्याच कवडीने शिकवली. ती चुकून आत अडकली आणि दोन दिवसांनी निघाली ती नव्यांबरोबर माती उकरतच.

जाळी काढण्याचा दिवस सुटीचा असावा, कारण तो दिवस तुम्हाला परसात बसून काढायचा आहे. आदल्या रात्री परसाची मांडणी बदलावी. मी दोन फळ्या भिंतीला तिरक्या टेकवतो, एक जुने टेबल मध्ये ठेवतो, शेवग्याच्या फांद्या टाकतो. प्रत्येक आडोशाला दोन तोंडे हवीत, एकच तोंड असलेला आडोसा म्हणजे सापळा होय. पिंपामागची ती फट मी विटा लावून कायमची बुजवली आहे. दाण्याची भांडी तीन आणि पाण्याची दोन, एकमेकांपासून लांब. रात्री अंधारात नवी कोंबडी दांडीवर नेऊन बसवावी म्हणजे जुन्यांना कळत नाही, असे सांगितले जाते. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, त्यामुळे रात्र शांत जाते हे खरे. पण उजाडल्यावर सर्वांना सर्व दिसते, आणि त्या वेळी खुराड्याचे दार बंद असेल तर हरणारीला पुन्हा भिंतच लागते. रात्री बसवलेत तर उजाडण्यापूर्वी दार उघडायला उठा. ज्याला ते जमणार नाही त्याने ती युक्ती करू नये.

त्यानंतरचे तीन आठवडे मी एक गोष्ट न चुकता करतो. कोंबड्या दांडीवर बसल्या की नव्या कोंबडीच्या गळ्याखालच्या पिशवीला हात लावून पाहतो. दाण्याने भरलेली पिशवी लिंबाएवढी, हाताला खरखरीत लागते. ती सैल, रिकामी लागली तर दिवसभर तिला कोणी खाऊ दिलेले नाही, मग अंगावर एकही जखम नसली तरी. कोंबडी उपाशी मरते ती अशीच, आणि मालक म्हणतो की आता भांडणे थांबली. पिशवी सलग दोन रात्री रिकामी लागली की मी तिला पुन्हा जाळीआड घेतो.

रक्त दिसले तर जखमीला लगेच वेगळे करून जखम धुवावी आणि तिच्यावर जांभळे औषध लावावे. लाल रंगाचे काहीही लावू नये. पण एकच कोंबडी सतत मारत असेल तर मार खाणारीला नव्हे, मारणारीला उचलावे. पाटलिणीला मी एकदा चार दिवस गच्चीवर ठेवले होते. ती परत आली तेव्हा तिच्या माघारी नवा क्रम लागलेला होता आणि तिला स्वतःची जागा पुन्हा मिळवण्यातच आठवडा गेला. या साऱ्या गडबडीत अंडी कमी होतात, त्याने घाबरू नये.

पावसाळ्यात हा खटाटोप करू नये. जून ते सप्टेंबर कोंबड्या तशाही आडोशाला कोंडून असतात, खुराड्यात अंथरलेले तूस ओले राहते आणि ओल्या तुसात रक्ती हगवण बळावते. नव्या जागेतील जंतूंची सवय नसलेली तलंग तिला पहिली बळी पडते. दसरा झाल्यावर पाहावे. मी स्वतः हे मागच्या वर्षी पाळले नाही, तलंगा ऑगस्टमध्ये मिळाल्या म्हणून घेतल्या.

त्या दोघी जगल्या, आता अंडी देतात, परसात कोणी त्यांच्या मागे लागत नाही. मात्र रात्री दांडीवर त्यांना अजूनही पश्चिमेचे टोक मिळते, जिथे वाऱ्याने पाऊस आत येतो. मी दोन वेळा त्यांना उचलून मध्ये बसवून पाहिले, दोन्ही वेळा पाटलिणीने त्यांना सरकवत सरकवत टोकाला नेले. तेव्हा मी त्यांची जागा बदलण्याचा नाद सोडला आणि खुराड्याच्या त्या बाजूला गोणपाट बांधले.